चंपाबाईंच्या जात्यावरचे मासे

गुणमालानं न्हाणीघरात मासे आंधळे करायला घेतलेत, ही बातमी चंपाबाईंना शेजारणीकडून कळली. घरातल्या सुनेची बातमी सासूला शेजारणीनं सांगावी, याचाच त्यांना आधी राग आला. माशांचा राग नंतर आला आणि तोही काही कमी नव्हता. घर सांगलीच्या आडगोंडा पाटलांचं, जैनाचं. या घरात दिवे लागायच्या आत जेवणं उरकत, पाणी दोनदा गाळलं जाई आणि पावसाळ्यात पालेभाजी उंबरा ओलांडत नसे. अशा घरातल्या न्हाणीत दोन काचेच्या बरण्या, बरण्यांत बोटाच्या पेराएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि एका बरणीत कीड मारायची पावडर.

"काय करायलीस ग हे?" चंपाबाईंनी दारात उभं राहून विचारलं.

"मारत न्हाई मी त्यांला, आत्याबाई. डोळं तेवढं जातात," गुणमाला म्हणाली.

"आंधळं करतीस व्हय नुसतं. मग बरं. मला वाटलं पाप करायलीस का काय."

सासूबाईंचं चुकत नव्हतं, हे गुणमालाला कळत होतं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. नवरा कऱ्हाडला नोकरीला, शनिवारी यायचा. चौऱ्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी लागली आणि प्राचार्यांनी प्रयोगशाळेला कुलूप ठोकलं, म्हणून मासे घरी आले होते. रात्री अंथरुणावर पडलं की तिला त्या बरणीची आठवण व्हायची आणि स्वतःची शिसारी यायची. पण सकाळी परसदारच्या खोलीत राहणारी चंद्राबाई दिसली की ती पुन्हा बरणीपाशी जाऊन बसायची.

चंद्राबाई पलूसकडची. नवरा वारल्यावर कुपवाडला मदनशेठच्या कारखान्यात लागली. पिकांवर मारायची पावडर तिथं उघड्या हौदात फावड्यानं कालवत. आठ बायका तोंडाला पदर बांधून हौदाभोवती उभ्या. नाकातोंडाला पदर बांधता येतो, डोळ्यांना कसा बांधणार? चार वर्षांत चंद्राबाईचा डावा डोळा गेला होता. आता उजव्यानंही तिला गुणमाला हात हलवून बोलल्याशिवाय ओळखू येईना. हौदावर झाकण बसवा, एवढंच बायकांचं मागणं होतं. ते लवकर झालं नाही तर हाही डोळा जाणार, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

मदनशेठ वाईट माणूस नव्हता. तिथंच तर घोडं अडत होतं. मंदिराचा विश्वस्त, मुंग्यांना साखर घालणारा, बोलायला लोण्यासारखा मऊ. तो म्हणे, "पावडरीनं न्हवं ओ, चुलीच्या धुरानं डोळं जातात बायकांचं. माझ्या आईचं नव्हतं का गेलं? तिनं कुठं पावडर कालवली?" साताऱ्याहून तपासणीला येणारे शिर्केसाहेब त्याहून पुढचे. गुणमाला अर्ज घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "बाई, माणसाच्या तक्रारीवर आमचा विश्वास बसत नाही. माणूस खोटं बोलतो. काही शास्त्रीय असेल तर आणा."

तेव्हा गुणमालाला मासे आठवले. परदेशी मासिकात तिनं वाचलं होतं, की या पट्टेवाल्या माशाभोवती काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची भिंत फिरवली, की तो पट्ट्यांच्या मागं मागं पोहत राहतो. डोळे गेलेला मासा पोहत नाही, कारण त्याला भिंतच दिसत नाही. मासा खोटं बोलत नाही. शिर्केसाहेबांना हे फार पटलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

राहता राहिला भिंत फिरवायचा प्रश्न. ती एका चालीनं फिरली पाहिजे, धक्का बसला की मासा बिचकतो. गुणमालानं सायकलचं चाक लावून पाहिलं, ते डुगडुगायला लागलं. शिवणयंत्राला दोरी लावून पाहिली, ती तुटली. आठ दिवस तिच्या नाकी नऊ आले. नवव्या दिवशी चंपाबाई जोंधळे दळत होत्या आणि गुणमाला उभी राहून बघत राहिली. चाळीस वर्षं त्या बाईनं जातं ओढलेलं. जात्याची वरची दगडी पाळी अशी गुळगुळीत फिरत होती, की तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला असता तरी सांडला नसता.

"आत्याबाई, एवढी भिंत फिरवून देता का?"

"तुझ्या पापात मला कशाला वढतीस?"

"चंद्राबाईसाठी."

चंपाबाईंनी जात्यातलं पीठ कुंचल्यानं झाडून घेतलं. गुणमालानं जाड कागदाला काजळानं पट्टे ओढले, त्याची गोल भिंत करून जात्याच्या वरच्या पाळीवर, खुंट्याच्या आतल्या अंगाला खळीनं चिकटवली. तुळईला शिंकं टांगलं, शिंक्यात बरणी ठेवली आणि बरणी बरोबर भिंतीच्या मध्ये अधांतरी सोडली. जातं फिरलं की भिंत फिरे, बरणी जागच्या जागी. साध्या पाण्यातले पाच मासे भिंतीमागं निमूट गोल गोल पोहायला लागले. पावडरीच्या पाण्यातून काढलेले पाच मात्र सैरावैरा, कुणी बुडाशी, कुणी कडेला तोंड आपटत. अंगानंही ते काळवंडले होते, कारण भोवतालचा उजेड बघून मासा आपला रंग हलका करतो, आणि यांना उजेडच कळत नव्हता. गुणमालानं वही भरली. वही भरताना तिला आनंद झाला आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

शिर्केसाहेबांनी पंचांसमक्ष प्रयोग बघायची तारीख दिली. मग ती पुढं ढकलली. मग दुसरी दिली, तीही ढकलली. साताऱ्याहून सांगली काही विलायतेत नाही, पण सरकारी माणसाला ती लांब पडते. होता होता दीड महिना गेला. कॉलेज सुरू झालं. गुणमाला सकाळी जायची, दुपारी यायची. मासे जगले होते, चांगले गुबगुबीत झाले होते. आंधळ्या माशांना अन्न कसं सापडतं, हा प्रश्न प्राणिशास्त्राच्या बाईंना पडायला हवा होता. तो पडला नाही. चंद्राबाईचा उजवा डोळा दिवसादिवसानं चालला होता आणि गुणमालाचं सगळं लक्ष टपालाकडं होतं.

अखेर साहेब आले. सकाळी अकराचे दुपारी चारला आले. घराचा पुढचा सोपा माणसांनी भरला. पंच म्हणून खुद्द आडगोंडा पाटील, शेजारचे पेन्शनर सुभेदार तात्याबा आणि गल्लीतले आणखी तिघं. मदनशेठ येताना माशांसाठी चुरमुरे घेऊन आला होता. दाराशी, भिंतीला टेकून चंद्राबाई उभी.

आधी चांगल्या माशांची बरणी. चंपाबाईंनी खुंटा धरला, जातं फिरलं, पाचही मासे भिंतीमागं निघाले.

"शिस्त हाय," तात्याबा म्हणाले. "रंगरूट असून कदम चुकत न्हाईत."

मग आंधळ्यांची बरणी शिंक्यात आली. गुणमाला म्हणाली, "आता बघा, साहेब. हे फिरणार नाहीत."

जातं फिरलं, आणि पाचही आंधळे मासे एका रांगेत भिंतीमागं निघाले. नुसते निघाले नाहीत, चांगल्यांच्या वर ताण केली. चंपाबाईंनी वेग वाढवला, त्यांनी वाढवला. चंपाबाईंनी उलटं फिरवलं, ते गर्रकन वळून उलटे फिरले.

सोप्यात कुणीतरी हसलं. तात्याबा उभे राहिले आणि म्हणाले, "ही पलटण पयल्या पलटणीपेक्षा सरस हाय. खरं हाय ते बोलावं."

मदनशेठचा चेहरा उजळला. "साहेब, म्हंजे पावडरीनं नजर सुधारती. असंच लिवा की. पुड्यावर छापतो मी."

"दृष्टी सुधारते असं नाही लिहिता येणार," शिर्केसाहेब लिहिता लिहिता म्हणाले. "दृष्टी उत्तम असल्याचे आढळले, एवढं लिहितो."

गुणमालाला रडू फुटायच्या बेतात होतं. माशांचे डोळे घेतले, पाप घेतलं, दीड महिना घेतला, आणि चंद्राबाईच्या पदरात हे. तिनं दाराकडं बघायचं टाळलं. खाली मान घालून ती बरणीकडंच बघत राहिली, म्हणून तिला ते दिसलं. चंपाबाई दमल्या होत्या. त्यांनी जातं थांबवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करायला उजवा हात वर नेला. हातभर हिरव्या बांगड्या किणकिणल्या. भिंत थांबलेली होती, तरी पाचही मासे बांगड्यांच्या बाजूला येऊन, वर तोंड करून वाट बघत राहिले.

"आत्याबाई," गुणमाला हळूच म्हणाली, "तुमी ह्यांला खायाला घालत हुता?"

सगळा सोपा चंपाबाईंकडं बघायला लागला. त्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा असा झाला, जणू चोरी करताना सापडली.

"मग काय करू? तू कालेजात. हितं ही लेकरं उपाशी. चांगली हायती ती वर येऊन खातात, ह्यांला दिसतच न्हाई तर काय खातील? मग मी बांगड्या वाजवायची. वाजवत बरणीभोवती हात फिरवायची आन् कणकेची गोळी टाकायची. दोन येळा. पंधरा दिवसांत शिकली की."

"म्हणजे हे दिसण्यावर नाही, आवाजावर फिरले," गुणमाला साहेबांना म्हणाली.

शिर्केसाहेबांनी लिहिलेलं खोडलं. खाडाखोड झाली म्हणून त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "ठीक आहे. मग बाईंनी बांगड्या काढाव्यात आणि प्रयोग पुन्हा करावा."

चंपाबाई ताठ बसल्या. "मालक हितं समोर बसल्यात माझं. त्यांच्या देखत बांगड्या उतरवू व्हय?"

आडगोंडा पाटील, जिवंत असल्याचा असा मुद्दा होईल ही कल्पना नसल्यानं, तुळईकडं बघत राहिले. गुणमालाच्याही हातात बांगड्या होत्या, दारातून डोकावणाऱ्या शेजारणींच्याही होत्या. तात्याबा बाह्या सरसावून म्हणाले, "सरका. बर्म्यात पूल बांधल्यात मी." त्यांनी खुंट्याला असा हिसका दिला, की भिंत अर्धी उचकटली आणि पाळी अडकून बसली. गुणमालानं पाळी सारखी केली आणि खळ आणून भिंत पुन्हा चिकटवली. ऊन कलत चाललं होतं आणि पाटलांची जेवायची वेळ झाली होती.

"जातं ओढता येणारी, आणि बांगड्या नसलेली बाई हवी," शिर्केसाहेब म्हणाले. अशी बाई म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं.

चंद्राबाईच पुढं आली. "मी वढते," ती म्हणाली.

सोप्यात उजेड भरपूर होता. ती जात्यापाशी आली, बसली आणि खुंटा धरायला हात पुढं केला. हात खुंट्याच्या वीतभर डावीकडं गेला. मग उजवीकडं गेला. मग पाळीवरून चाचपत कागदाच्या भिंतीला लागला. चंपाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि हात नेऊन खुंट्यावर ठेवला. सगळ्यांनी बघितलं. मदनशेठनं हातातल्या घड्याळात बघितलं.

चंद्राबाईनं जातं ओढलं, आवाज न करता, एका चालीनं. पाच आंधळे मासे बरणीत पाच दिशांना भटकत राहिले. पुन्हा चांगल्यांची बरणी टांगली, ते भिंतीमागं फिरले. अदलाबदल करून तीनदा बघितलं, तीनदा तेच झालं. पंचांनी सह्या केल्या.

"साहेब," गुणमाला म्हणाली, "चंद्राबाईंना खुंटा सापडला नाही. तेही लिहा."

"बाई, पंचनाम्याचा विषय मासे हा आहे," शिर्केसाहेब समजावत म्हणाले. "विषय सोडून लिहिलं, तर सगळाच पंचनामा बाद होईल."

गुणमालाला त्या क्षणी त्यांची दौत त्यांच्याच डोक्यावर ओतावी असं वाटलं. तिनं त्यांना चहा दिला.

संक्रांतीनंतर हुकूम आला. गुणमालानं तो सोप्यात उभं राहून मोठ्यानं वाचला. सदर पावडर माशांच्या दृष्टीस अपायकारक असल्याचे पंचांसमक्ष सिद्ध झाले आहे. सबब, कारखान्याच्या ज्या जागेत मासे असतील त्या जागेत ती उघड्यावर हाताळू नये. कसूर झाल्यास परवाना रद्द करण्यात येईल.

"आन् आमचं?" चंद्राबाईनं विचारलं.

गुणमालानं कागद उलटा करून बघितला. मागं काही नव्हतं. मदनशेठला हुकुमाची दुसरी प्रत मिळाली होती. आपल्या कारखान्यात एकही मासा नाही, असं त्यानं साताऱ्याला कळवूनही टाकलं होतं.

चंपाबाईंनी हुकूम आणखी एकदा वाचायला लावला. "ज्या जागंत मासं असतील," त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि उठून भाकरी थापायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टांगा बोलावला. आयुष्यात कधी कुपवाडला न गेलेली ती बाई मांडीवर दोन्ही बरण्या घेऊन टांग्यात बसली, शेजारी शिंकी घेऊन गुणमाला. कारखान्यात कुणी अडवायच्या आत चंपाबाई थेट हौदाच्या खोलीत शिरल्या आणि एका बाईला स्टुलावर चढवून दोन्ही शिंकी छताच्या कडीला टांगायला लावली. आठही बायकांनी फावडी खाली ठेवली. हुकूमच होता.

मदनशेठ धावत आला. "काकू, हे काय मांडलंयसा?"

"मासं हायती. तुमच्या जागंत हायती."

"भाईर काढा की ओ ते."

"तुमीच काढा. पाच आंधळी हायती त्यात. जागा बदलली की बावरतात, खायाचं सोडतात. मेली म्हंजे तुमच्या हातनं मेली. विश्वस्त हाय तुमी मंदिराचं, मी काय सांगायचं."

मदनशेठ स्टुलावर चढला. शिंक्याला हात लावला. खाली आला. पुन्हा चढला. गड्याला सांगून बघितलं, गड्यानं कान पकडले. साताऱ्याला तार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, मासे असल्यास हुकूम लागू. मासे आले कसे याबद्दल हुकुमात काही नसल्यानं शिर्केसाहेबांचाही इलाज नव्हता. आठ दिवस हौद बंद राहिला. नवव्या दिवशी शेजारच्याच वर्कशॉपमधून झाकणाचं, हातानं फिरवायचं पिंप आलं. पावडर आत, बायका बाहेर. असं ते झालं, आणि गुणमाला घरी येऊन पोटभर रडली.

पुढं दर महिन्याला शिर्केसाहेब माशांची गणती करायला यायचे. माशांच्या तब्येतीचं एक रजिस्टर झालं. त्यात डोळ्यांचा रकाना होता. बायकांचं रजिस्टर निघालं नाही, पण पिंप फिरत होतं तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मदनशेठ मात्र रोज येऊन बरण्यांत बघून जायचा. तो मासे मारणार नव्हता, ते मरायची वाट बघायला धर्माची आडकाठी नव्हती. मासे संपले की हुकूम संपला, आणि झाकण काढून टाकलं की काम दुप्पट वेगानं.

चैत्रात ऊन तापलं आणि एका आठवड्यात सहा मासे गेले. उरले चार, तेही सुस्त. साहेबांची गणती सोमवारी होती.

रविवारी सकाळी आठही बायका गुणमालाला घेऊन, असे पट्ट्यांचे मासे मिळत त्या ओढ्यावर गेल्या. पाणी गुडघ्याएवढं उरलं होतं. एक जुनं नऊवारी पातळ आडवं धरून त्या पाण्यात उतरल्या. एक टोक चंद्राबाईच्या हातात होतं. झाकण आलं तेव्हा तिचा उजवा डोळा थोडा शिल्लक होता, तो तेवढाच राहिला. दिवस आहे की रात्र, समोर माणूस आहे की भिंत, एवढं तिला कळायचं. गेलेलं काही परत आलं नाही.

"डावीकडं घ्या," गुणमाला काठावरून सांगायची. "आता वर उचला."

दोनदा पातळ रिकामं आलं. तिसऱ्या खेपेला चंद्राबाई एकदम थांबली. हातातल्या कापडाला खालून काहीतरी टुकटुक लागत होतं. "आली बाई," ती म्हणाली. "उचला आता, दमानं."

बायकांनी उचललं. गुणमालानं एकेक करून मासे घागरीत सोडले. नऊ होते, सगळे पट्ट्यांचे. बायका काठावर बसून लुगडी पिळायला लागल्या. चंद्राबाई घागरीपाशी आली, वाकली आणि उगाच आत बघितल्यासारखं केलं.

"त्यांला दिसतंय न्हवं, बाई?"

गुणमालानं घागरीच्या तोंडावरून बोट फिरवलं. सगळे मासे झर्रकन बाजूला झाले.

"दिसतंय," ती म्हणाली.

"मग झालं," चंद्राबाई म्हणाली आणि घागर कुठं आहे ते हातानं चाचपून तिनं ती डोक्यावर घेतली.